जोहान्सबर्गला ऑनसाइट जाताना: पुणेकर कुटुंबासाठी सुरक्षिततेची तयारी

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गची नेमणूक मिळते, तेव्हा घरात पहिली चर्चा पगाराची होत नाही. ‘तिथे फार गुन्हेगारी आहे म्हणे’ हे वाक्य सासर, माहेर आणि सोसायटीची लिफ्ट अशा सर्व ठिकाणी ऐकू येते, आणि ते खोटे नाही. २०२२ साली सुमारे १४० कोटी लोकसंख्येच्या भारतात २८,५२२ खुनांची अधिकृत नोंद झाली. जवळपास त्याच काळात, म्हणजे एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात, सहा कोटींहून थोडी अधिक लोकसंख्या असलेल्या दक्षिण आफ्रिकेत २७,४९४ खून झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर ‘बातम्यांत वाढवून सांगतात’ असे म्हणून विषय झटकून टाकता येत नाही.

तरीही हे आकडे नीट वाचायला हवेत. खुनांचा मोठा वाटा केप टाउनच्या कडेला असलेल्या न्यांगा, खायेलित्शा, डेल्फ्ट यांसारख्या आणि डर्बनजवळच्या इनांडा, उमलाझी यांसारख्या गरीब वस्त्यांत, बहुतांशी शनिवार-रविवारच्या रात्री, दारू, टोळ्या आणि आपसांतली भांडणे यांतून घडतो. कंपनीने पाठवलेला परदेशी कर्मचारी त्या ठिकाणी त्या वेळी सहसा नसतो. त्याच्या वाट्याला येणारे धोके वेगळे आहेत: गाडी अडवून पळवणे, घरात शिरून बंदुकीच्या धाकाने लुटणे, सिग्नलवर काच फोडून पिशवी ओढणे, एटीएमपाशी फसवणूक आणि क्वचित काही तासांचे अपहरण. हे गुन्हे कुठे आणि केव्हा होतात याचे ठोकताळे बऱ्यापैकी ठरलेले आहेत. घराचे फाटक, चौक, मॉलचे वाहनतळ, संध्याकाळची वेळ, महिन्याचा पगाराचा आठवडा आणि डिसेंबरची सुट्टी ही त्यांची ठिकाणे आणि वेळा होत. म्हणूनच काही वर्षे तिथे राहिल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, तिथली सुरक्षितता प्रसंगी दाखवलेल्या हिंमतीपेक्षा आधी करून ठेवलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि त्यातली निम्मी व्यवस्था पुण्यात बसूनच करावी लागते.

पुण्यात असतानाच करायची कामे

पहिले काम म्हणजे नेमणुकीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी कंपनीशी बोलणे. आपल्याकडे भत्त्याचा आकडा पाहून होकार देण्याची आणि तिथे गेल्यावर भाड्यात बचत करून चार पैसे गाठीला बांधण्याची रीत आहे. जोहान्सबर्गमध्ये ही रीत महागात पडते, कारण तिथे घर आणि गाडी या दोनच गोष्टींवर खरी सुरक्षितता विकत घेता येते. विमानतळावर नेण्यासाठी ओळखीचा चालक येईल का, पहिल्या महिन्याचे राहणे कुठे असेल, रात्री उशिरा काम संपले तर घरी सोडण्याची जबाबदारी कोणाची, वैद्यकीय विम्यात कुटुंब आहे का, आणि परिस्थिती बिघडली तर करार मोडून परत येण्याचा खर्च कोण करील, या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता पत्रात लिहून घ्यावीत. रात्री दोन वाजता फोन केला तर उचलील असा कंपनीचा माणूस कोण, हे तर नावानिशी विचारावे. या प्रश्नांनी व्यवस्थापक नाराज होईल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु ज्या कंपनीचे तिथे कार्यालय आहे तिला हे प्रश्न नवे नसतात.

कागदपत्रांचा भाग तुलनेने सोपा आहे. व्हिसासाठी लागणारा पोलिस दाखला पासपोर्ट सेवा केंद्राच्या प्रणालीतून मिळतो. वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओतून घ्यावा; तो एक वर्ष चालतो. कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो आणि त्याच्या आधारे आलेल्या जोडीदाराला नोकरी करण्याची मुभा आपोआप मिळत नाही, ही गोष्ट मात्र घरात दोघांनी बसून नीट समजून घ्यावी. सुरक्षिततेच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो, पण दिवसभर घरात राहणाऱ्या जोडीदाराच्या मनावर भीतीचा भार सर्वांत जास्त पडतो.

याच कारणासाठी माझा आग्रह आहे की, पती-पत्नी दोघांनीही निघण्यापूर्वी मोटार चालवण्यात तरबेज व्हावे. पुण्यातल्या स्त्रिया दुचाकीवर सगळे शहर पालथे घालतात, मात्र मोटारीचा परवाना कपाटात पडून असतो असे चित्र अनेक घरांत दिसते. जोहान्सबर्गमध्ये मोटार हेच एकमेव सोयीचे वाहन आहे. किराणा, शाळा, दवाखाना यांपैकी काहीही चालत जाण्याच्या टप्प्यात असेल याची खात्री नसते. ज्या घरात एकच जण गाडी चालवतो, त्या घरात दुसरा माणूस कुंपणाआड अडकून पडतो आणि अडचणीच्या वेळी त्याला कोणाची तरी वाट पाहावी लागते. वाहतूक आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे पुण्यात केलेला सराव वाया जात नाही. निघण्याआधी दोन-तीन महिने रोज गाडी चालवावी आणि घाटरस्त्यावर, पावसात, रात्रीच्या वेळीही चालवून पाहावी.

दागिन्यांबाबत घरात वाद होतो, तेव्हा मी पुढचा सल्ला ठामपणे देतो. सोने पुण्यातल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जावे. भारतीय कुटुंबाच्या घरी सोने असते हे जगभरच्या चोरांना ठाऊक आहे, आणि घरात शिरलेला दरोडेखोर ‘सोने कुठे आहे’ असे विचारतो तेव्हा ‘नाही’ हे उत्तर खरे असले तरी त्याला पटत नाही. काळ्या मण्यांची लहान पोत, जमल्यास खोट्या सोन्याची, आणि पाटल्या-बांगड्यांऐवजी काचेच्या बांगड्या एवढ्यावर सणवार निभावतात. लक्ष्मीपूजनाला नाणी आणि दागिने मांडून त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे हे तर आमंत्रण देण्याजोगे आहे.

घर निवडताना

जोहान्सबर्गच्या उत्तरेकडील सँडटन, रोझबँक, फोरवेज आणि प्रिटोरियाच्या वाटेवरचे मिडरँड, सेंच्युरियन या भागांत बहुतेक परदेशी कर्मचारी राहतात. भागाच्या नावावर विसंबून राहू नये. दक्षिण आफ्रिकेचे पोलिस दर तिमाहीला ठाण्यानिहाय गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करतात. ज्या घराचा विचार चालू आहे ते कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे विचारून ते आकडे पाहावेत. पाहताना एवढे लक्षात ठेवावे की, ज्या हद्दीत कार्यालये आणि मॉल आहेत तिथे दिवसा लाखो माणसे येतात, त्यामुळे तिथल्या चोऱ्यांची संख्या फुगलेली दिसते. राहणाऱ्यासाठी घरातील सशस्त्र दरोडे आणि गाड्या पळवण्याच्या नोंदी या दोन रकाने महत्त्वाचे आहेत.

घरांचे प्रकार साधारण तीन असतात. मोठ्या कुंपणाच्या आत शेकडो घरे, एकच प्रवेशद्वार आणि चोवीस तास पहारा असलेली वसाहत, जिला तिथे इस्टेट म्हणतात. दहा-वीस घरांचे किंवा सदनिकांचे लहान संकुल. आणि रस्त्यालगत स्वतःची भिंत असलेले स्वतंत्र बंगले. नव्याने आलेल्या कुटुंबाने पहिली एक-दोन वर्षे इस्टेटमध्ये किंवा चांगला पहारा असलेल्या संकुलातच राहावे. स्वतंत्र बंगल्याचे भाडे कधीकधी तितकेच किंवा कमी असते, आवारात पोहण्याचा तलाव असतो, आणि पुण्याच्या दोन खोल्यांतून आलेल्या माणसाला त्याचा मोह पडतो. पण त्या बंगल्याची सारी सुरक्षा एकट्याने सांभाळावी लागते.

घर पाहायला एकदा दिवसा आणि एकदा शुक्रवारी संध्याकाळी जावे. प्रवेशद्वारावरचा पहारेकरी पाहुण्याचे नाव खरोखर घरमालकाला फोन करून विचारतो का, की वहीत सही घेऊन आत सोडतो, हे स्वतः पाहुणे होऊन तपासता येते. सोसायटीच्या गेटवर ओळखीच्या हास्यावर आत सोडणारे आपले वॉचमनकाका आणि तिथली नोंद-पद्धत यांत फरक असायलाच हवा. भिंतीवरच्या विजेच्या तारा चालू आहेत का, भिंतीला टेकून झाडाची फांदी आत आलेली आहे का, मागच्या बाजूला ओढा किंवा मोकळे रान आहे का, हेही पाहावे, कारण चोर पुढच्या दाराने क्वचितच येतो.

घराच्या आत सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे झोपण्याच्या खोल्या आणि बाकीचे घर यांच्यामध्ये बसवलेले लोखंडी जाळीचे दार. रात्री ते कुलूपबंद करून झोपायचे, आणि त्याच्या आतल्या बाजूला फोन, किल्ल्या व धोक्याची घंटा वाजवणारे बटण ठेवायचे, हा तिथला सर्वसामान्य रिवाज आहे. पहिल्या आठवड्यात तुरुंगात असल्यासारखे वाटते. नंतर ते दार ओढणे हे गॅसचा नळ बंद करण्याइतके सवयीचे होते. त्या बटणाचा संदेश खासगी सुरक्षा कंपनीकडे जातो आणि तिची शस्त्रधारी गाडी येते. दक्षिण आफ्रिकेत नोंदणीकृत खासगी सुरक्षारक्षकांची संख्या पोलिसांच्या काही पट आहे आणि मध्यमवर्गीय वस्त्यांत प्रत्यक्ष मदतीला बहुधा तेच आधी पोचतात. या सेवेचा करार करताना ‘माझ्या भागात रात्री किती गाड्या फिरतात’ हा प्रश्न विचारावा, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून चाचणी घ्यावी. वीजकपातीचे सर्वांत वाईट वर्ष २०२३ होते. २०२४ च्या मार्चनंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली, परंतु केबलचोरी आणि बिघाड यांमुळे वीज अजूनही जाते. त्यामुळे गजराची आणि कुंपणाची बॅटरी वेळोवेळी बदलून घ्यावी.

घरकामाला येणाऱ्या बाईंनाही ते बटण कसे वापरायचे हे शिकवावे. तिथल्या अनेक कुटुंबांत कामवाल्या माणसांकडे केवळ संशयाने पाहिले जाते. घरातील माहिती बाहेर जाण्याचे प्रकार घडतात हे खरे आहे. मात्र दिवसा घरात एकटी असणारी तीच व्यक्ती धोक्यातही पहिली सापडते. वेळेवर पगार, कायदेशीर नोंद आणि आदराने बोलणे यांनी जेवढी सुरक्षितता मिळते तेवढी कॅमेऱ्याने मिळत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

रस्त्यावर

जोहान्सबर्गमधला खरा अभ्यासविषय रस्ता आहे, आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

गाडी घेताना विमा कंपनीला आधी फोन करावा. टोयोटा हायलक्स, फॉर्च्युनर आणि फोक्सवागन पोलो या गाड्या चोरांच्याही आवडीच्या आहेत, कारण त्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना देशात व सीमेपलीकडे गिऱ्हाईक आहे. काही गाड्यांसाठी विमा कंपन्या ठिकाण कळवणारे यंत्र बसवण्याची अट घालतात. अट नसली तरी ते बसवावे. खिडक्यांच्या काचांवर फुटल्यावरही तुकडे धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म लावून घ्यावी. सिग्नलवर काच फोडून आसनावरची पिशवी ओढणाऱ्याला दुसरा घाव घालण्याइतका वेळ नसतो, आणि फिल्ममुळे तेवढाच वेळ आपल्याला मिळतो.

पर्स, लॅपटॉप, फोन या वस्तू आसनावर कधीही ठेवू नयेत. त्या डिकीत ठेवायच्या, आणि त्याही निघतानाच, घराच्या आवारात. मॉलच्या वाहनतळावर पोचल्यावर डिकी उघडून लॅपटॉप आत ठेवणारा माणूस आजूबाजूच्या सर्वांना त्याचा पत्ता सांगत असतो. गाडी बंद करताना रिमोटचे बटण दाबून पुढे चालू लागू नये. चोरांकडे रिमोटचा संदेश अडवणारी यंत्रे असतात; दार हाताने ओढून बंद झाल्याची खात्री करून मगच निघावे. वाहनतळावर गाडीकडे लक्ष ठेवणारी चमकदार जाकिटातली माणसे असतात, त्यांना परतताना पाच-दहा रँड (तिथले चलन) द्यावेत.

चौकात पुढच्या गाडीच्या मागे थांबताना तिची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर ठेवावे, म्हणजे पुढची गाडी न हलताही बाजूने निघता येते. पुण्यात दोन गाड्यांमधल्या एवढ्या जागेत तीन दुचाक्या मावतात आणि म्हणून आपला हात ते अंतर ठेवायला धजत नाही. तिथे मात्र त्याची सवय लावून घ्यावी. रात्री दूरवर लाल दिवा दिसला की वेग कमी करून हळूहळू सरकत राहावे, म्हणजे चौकात पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि एकट्याने थांबावे लागत नाही. वीज गेल्यामुळे सिग्नल बंद असेल, तर जी गाडी आधी येऊन थांबली ती आधी जाते. लोक हा नियम मनापासून पाळतात, त्यामुळे नळ स्टॉपला कमावलेले कौशल्य तिथे दाखवू नये.

गाडी पळवण्याच्या घटनांत घराचे फाटक ही फार महत्त्वाची जागा आहे, कारण तिथे गाडी थांबते, चालकाचे लक्ष घरात असते आणि मागे जायला वाट नसते. घर जवळ येण्याआधी दोन वळणे शिल्लक असतानाच संगीत आणि फोन बंद करावेत आणि मागची गाडी आरशात पाहावी. ती आपल्याच वळणांनी येत असेल तर घराकडे न वळता पुढे जावे आणि पेट्रोल पंपावर किंवा पोलिस ठाण्यावर थांबावे. फाटकाच्या तोंडाशी गाडी आत घालून न थांबता रस्त्याला समांतर उभी करावी, फाटक पूर्ण उघडल्यावर वळावे, आणि आत गेल्यावर ते बंद होईपर्यंत आरशातून नजर काढू नये. मुलांना ही सगळी रीत माहीत असावी, म्हणजे त्या अर्ध्या मिनिटात मागच्या आसनावर भांडणे होत नाहीत.

आणि तरीही कोणी पिस्तूल रोखून समोर आला, तर गाडी देऊन टाकावी. दोन्ही हात दिसतील असे वर धरावेत, मान खाली ठेवावी, चेहऱ्याकडे टक लावून पाहू नये, आणि पट्टा काढण्यापूर्वी ‘पट्टा काढतो आहे’ असे मोठ्याने सांगून हात सावकाश हलवावा, कारण खाली गेलेला हात शस्त्राकडे गेला असे समोरच्याला वाटू शकते. मागे मूल असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगून त्याला बाहेर काढण्याची परवानगी मागावी. लहान मुलांचे पट्टे कसे सोडायचे याचा सराव डोळे मिटून करावा, आणि मूल शक्यतो चालकाच्या मागच्या आसनावर बसवावे, म्हणजे उतरताच त्याच्यापर्यंत हात पोचतो. गाडीचा विमा असतो. तिचा पाठलाग करू नये. परदेशी माणसाने स्वतःचे पिस्तूल घेण्याचा विचारही करू नये. तिथल्या २००० सालच्या शस्त्र कायद्यानुसार परवाना नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो, आणि चोरांना गाडीइतकेच पिस्तूलही हवे असते.

महामार्गावर रात्री दगड, टायर किंवा लाकडाचा ओंडका पडलेला दिसला, तर तो बाजूला करण्यासाठी उतरू नये, आणि चाक पंक्चर झाले तरी शक्य असेल तर उजेड असलेल्या पंपापर्यंत हळू चालवत न्यावे. नकाशाचे ॲप सर्वांत जवळचा रस्ता दाखवते, सुरक्षित रस्ता दाखवेलच असे नाही. नव्या ठिकाणी जाताना स्थानिक सहकाऱ्याला वाट विचारून घ्यावी.

चिन्हांकित गाडी आणि गणवेश असलेल्या पोलिसांच्या नाक्यावर थांबावेच लागते. परंतु साध्या गाडीवर निळा दिवा लावून कोणी थांबायला सांगत असेल, तर तो तोतया असू शकतो. अशा टोळ्यांनी पुष्कळांना लुटले आहे. अशा वेळी वेग कमी करावा, चारही इंडिकेटर लावावेत, हात बाहेर काढून ‘मागे या’ अशी खूण करावी आणि सावकाश जवळच्या पोलिस ठाण्यापर्यंत जावे. ही पद्धत तिथल्या पोलिसांनाही मान्य आहे. नाक्यावर एखाद्याने थंड पेयासाठी पैसे मागितले, तर नम्रपणे दंडाची लेखी पावती मागावी. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

गाडी येईपर्यंत उबर किंवा बोल्ट वापरता येते. बसण्यापूर्वी नंबरप्लेट जुळवावी आणि मॉलच्या आतल्या ठरलेल्या जागेवरूनच बसावे, कारण मिनीबस टॅक्सीवाले आणि ॲपवाले यांच्यात भांडणे होतात. मिनीबस टॅक्सी लाखो लोकांचे रोजचे वाहन आहे, पण नवख्या माणसाने सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये. २०१० मध्ये सुरू झालेली गाउट्रेन ही जलद रेल्वे विमानतळावरून सँडटनला साधारण पाव तासात नेते आणि तिचे डबे व स्थानके सुरक्षित आहेत. स्थानकाबाहेरचा शेवटचा टप्पा मात्र पायी करू नये. जूनमध्ये जोहान्सबर्गचा सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, ही गोष्ट कार्यालयातून निघण्याची वेळ ठरवताना धरून चालावी. जेवणानंतरची शतपावली इस्टेटच्या आतच घालावी, आणि पर्वती किंवा तळजाईवर पहाटे एकट्याने जाण्याची सवय असलेल्यांनी केप टाउनच्या टेबल माउंटनवर गटानेच चढावे.

पैसे आणि फोन

एटीएम बँकेच्या किंवा मॉलच्या आतले वापरावे, आणि यंत्रात कार्ड अडकले म्हणून मदतीला धावणाऱ्या सज्जनाला यंत्राला हात लावू देऊ नये. कार्ड बदलण्याची ती जुनी युक्ती आहे. अलीकडे काही तासांसाठी माणसाला पकडून त्याच्याच फोनवरून पैसे वळते करून घेण्याचे प्रकार होतात. त्यावर साधा उपाय असा की, रोजच्या फोनवर फक्त खर्चाचे खाते ठेवावे, त्याची दैनंदिन मर्यादा खाली आणून ठेवावी, आणि बचतीचे खाते घरी राहणाऱ्या दुसऱ्या फोनवर ठेवावे. भारतीय आणि दक्षिण आशियाई वंशाच्या व्यावसायिकांची खंडणीसाठी अपहरणेही झालेली आहेत. पगारदार माणूस सहसा त्यांचे लक्ष्य नसतो, पण आपली श्रीमंती दिसणार नाही याची काळजी त्यानेही घ्यावी.

मूळ पासपोर्ट घरातल्या तिजोरीत ठेवून प्रमाणित प्रत जवळ बाळगावी. प्रत प्रमाणित करून घेण्यासाठी वकिलाकडे जावे लागत नाही. तिथल्या पोलिस ठाण्यात ते काम विनामूल्य होते, आणि या निमित्ताने आपले ठाणे कुठे आहे हेही पाहून होते. भारताचे उच्चायुक्तालय प्रिटोरियात आहे आणि जोहान्सबर्ग, डर्बन व केप टाउन येथे वाणिज्य दूतावास आहेत. पोचल्यावर तिथे नाव नोंदवावे. पोलिसांचा क्रमांक १०१११, सरकारी रुग्णवाहिकेचा १०१७७ आणि मोबाइलवरून सर्वसाधारण मदतीचा ११२ आहे. या तिन्हींच्या वर आपल्या सुरक्षा कंपनीचा आणि खासगी रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहून फ्रिजवर लावावा.

दंगल झाली तर

जुलै २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा तुरुंगात गेल्यानंतर क्वाझुलू-नाताल आणि जोहान्सबर्ग ज्यात येते त्या गाउटेंग प्रांतात लुटालूट आणि हिंसाचार उसळला. साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. डर्बनला जोहान्सबर्गशी जोडणारा एन-३ महामार्ग बंद पडला आणि काही भागांत पाव, दूध, पेट्रोल मिळेनासे झाले. अशी वेळ क्वचित येते, पण आपल्या स्वयंपाकघराला तिची तयारी सहज जमते. आठवडाभराचे तांदूळ, डाळ, कणीक, दुधाची भुकटी, औषधे आणि पिण्याचे पाणी घरात असावे, आणि गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. सर्वसाधारण विम्यात दंगलीचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी सास्रिया या सरकारी संस्थेचे संरक्षण पॉलिसीत जोडलेले असावे लागते. जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९७६ मध्ये झालेल्या उठावानंतर, १९७९ मध्ये ही संस्था स्थापन झाली. पॉलिसीवर तिचे नाव आहे का, हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

प्रसंग घडून गेल्यावर

आधी सुरक्षित जागी पोचावे, मग सुरक्षा कंपनी, पोलिस आणि बँक या क्रमाने फोन करावेत. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा प्रकरण क्रमांक विम्यासाठी आणि हरवलेल्या पासपोर्टसाठी लागतोच, म्हणून चोर सापडणार नाही असे वाटले तरी तक्रार करावी. खासगी रुग्णालये दाखल करून घेताना विमा योजनेचा सदस्य क्रमांक विचारतात. तो कुटुंबातील प्रत्येकाच्या पाकिटात असावा. काही दिवसांनी झोप न लागणे, फाटकापाशी हात थरथरणे, मुलाने गाडीत बसायला नकार देणे हे सगळे होते. ‘थोडक्यात निभावले’ असे म्हणून त्यावर पांघरूण घालण्याची आपल्याकडची पद्धत आहे, पण समुपदेशक तिथे सहज मिळतात आणि त्यांच्याकडे जाण्यात तिथल्या लोकांना काहीच वावगे वाटत नाही.

या सगळ्या दक्षतेचा एक वाईट परिणाम असा होतो की, माणसे इस्टेट, कार्यालय आणि मॉल यांच्या त्रिकोणात राहून परत येतात आणि देश पाहिलाच नाही अशी त्यांची अवस्था होते. वस्तीतल्या व्हॉट्सॲप गटांवर दिवसभर येणारे संशयितांचे फोटो हे या भीतीचे मोठे खत आहे; माझ्या मते सुरक्षा कंपनीच्या अधिकृत सूचनांचा गट ठेवावा आणि बाकीचे आवाज बंद करावेत. कोणी ‘त्या भागात जाऊ नका’ असे सांगितले, तर तो सल्ला गुन्ह्यांबद्दल आहे की तिथे राहणाऱ्यांच्या रंगाबद्दल, हे ओळखायला शिकावे लागते. सोवेटोत नेल्सन मंडेला यांचे जुने घर ज्यावर आहे त्या विलाकाझी रस्त्यावर दिवसा माहितगार मार्गदर्शकाबरोबर जरूर जावे. लेनेशिया हा वर्णभेदाच्या काळात भारतीयांसाठी वेगळा काढलेला भाग आहे, आणि तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रहिवाशांइतका शहराचा नेमका सल्ला कोणताच एजंट देत नाही. तिथून जवळच गांधीजींनी १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्म वसवले, आणि १९१२ मध्ये पुण्याहून गेलेले गोपाळ कृष्ण गोखले तिथे राहिले होते.

पुण्यातल्या आई-वडिलांना काय सांगायचे, हेही आधी ठरवावे लागते. तिथली वेळ भारताच्या साडेतीन तास मागे आहे. आपण संध्याकाळी सहाला निघून गाडीत असतो तेव्हा पुण्यात साडेनऊ झालेले असतात आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन येतो. गाडीत फोन उचलायचा नाही, म्हणून रोजच्या बोलण्याची वेळ दुपारच्या सुट्टीतली ठरवावी आणि फोन न उचलल्यास कंपनीच्या कोणत्या क्रमांकावर विचारायचे हे त्यांच्या भिंतीवर लिहून ठेवावे. ते भेटीला येणार असतील तर प्रवासविमा, त्यांची नेहमीची औषधे आणि बिनसोन्याचे हात एवढे निघण्यापूर्वीच पाहावे. बाबांना संध्याकाळी इस्टेटच्या फाटकाबाहेर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचे असेल, तर त्यांना गाडीने नेऊन आणावे.